फक्त रिपोर्ट दाखवाचा हाय

...नाही, तुम्हीच सांगा मले, रिपोर्ट 'फक्त' कसा काय राहू शकते? फक्त चहा मी समजू शकतो, फक्त इस्त्री समजू शकतो, पण सत्तर वर्षांचा माणूस, अंगात कडक सदरा, खिशाले दोन पेन, डॉक्टरच्या दारात उभा राहून म्हणते, "बाबू, मले फक्त रिपोर्ट दाखवाचा हाय, एक मिनिट," अन् माझं तोंड उघडाच्या आधी आत घुसते, अन् मंग अठ्ठावीस मिनिटं बाहेर येत नाही, तं ते एक मिनिट कोणत्या घड्याळातलं होतं? अठ्ठावीस हा आकडा मी मनानं नाही सांगून राहिलो हं. सॉफ्टवेअर सांगते! पेशंट आत गेला की मी बटण दाबतो, तिकडून सेकंद सुरू होते. अठ्ठावीस मिनिटांत काय काय झालं? रिपोर्ट झाला, गुडघा झाला, बायकोची झोप झाली, सुनेचा स्वभाव झाला, अन् निघता निघता, दाराची कडी हातात धरून... "मॅडम, एक विचाराचं राहूनच गेलं. छातीत दुखते अधूनमधून." अबे भैताडा, ते पहिले सांगाचं ना!

सरका जरा. हौ, बसतो. बाकावर माणसाले जागा नाही, अन् पिशवी बसवून ठेवते लोकं. तुमची नाही का ती? मंग कोणाची आहे? जाऊ द्या.

तुम्ही नवीन दिसता, म्हणून सांगतो. मी प्रशिक. या दवाखान्याचं सॉफ्टवेअर मी चालवतो. म्हणजे चालवत होतो. म्हणजे चालवतो, पण... थांबा, येतो त्याच्यावर. इंजिनीअरिंग सोडलं दुसऱ्या वर्षी. काहून सोडलं विचारू नका, ते विचाराले अर्धं नंदनवन, म्हणजे आमची वस्ती, आमच्या घरी येऊन चहा पिऊन गेलं आहे. एकानं बी चहा सोडला नाही, मले मात्र सगळे म्हणे, "असं सोडू नये बेटा."

आमचे पप्पा, आनंदराव, कोळशाच्या खाणीत हजेरी घ्याले होते. बत्तीस वर्षं गळ्यात शिट्टी घालून माणसं लाईनीत लावली. आता रिटायर झाले. खाण सुटली, शिट्टी नाही सुटली. घरात तीनच माणसं, तरी सकाळी बाथरूमची लाईन लावते. तं पप्पा मले म्हणे, "एक महिना देतो. कुठं टिकला तं टिकला. नाही तं सामान बांध अन् सावनेरले मामाच्या दुकानात बस."

मामाचं दुकान नळाच्या तोट्याईचं आहे. मामा वाईट नाही, पण गिऱ्हाईक नसलं की मामा बोलते, अन् त्याच्या दुकानात गिऱ्हाईक कधीच नसते. "प्रशिक, माणूस कसा पाहिजे? तोटीसारखा! वेळेवर सुरू, वेळेवर बंद!" अन् हे सांगाले त्याले दोन तास लागते. म्हणजे सगळ्यात आधी त्याचीच तोटी बदलाची गरज आहे. मी एक आठवडा काढला तिथं दिवाळीत. मले झोपेत टिपटिप ऐकू येत होतं.

म्हणून ही नोकरी माझ्यासाठी काय होती, समजून घ्या! डॉक्टर नंदिनी मॅडमनं सॉफ्टवेअर घेतलं, त्याले माणूस पाहिजे होता, मी घुसलो. मॅडम शिस्तीच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "हे बघ, एक महिना. शेवटच्या शनिवारी मी मुद्दाम लक्ष ठेवणार आहे. वेटिंगमध्ये एक जरी भांडण माझ्या कानावर आलं, तर हे सगळं बंद, आणि देवकीबाईंचे बिल्ले परत." माझं काय ते सांगितलंच नाही. सांगाची गरज नव्हती. मले टिपटिप ऐकू आलं.

देवकीबाई कोण? ते कोपऱ्यात पंख्याखाली बसल्या ना, पायावर शाल... पाहू नका, पाहू नका! त्याईचे कान तिखट आहेत. बावीस वर्षं या काउंटरवर होत्या. पितळेचे बिल्ले, नंबर खोदलेले, बिस्किटाच्या डब्यात. नंबर असाच नाही देत होत्या, तोंड पाहून देत होत्या. "तुले ताप नाही, तू सासूले कंटाळून आली. शेवटी बस." "तुहे ओठ काळे पडले बाप्पा, जा आत, उठ!" गुडघे गेले म्हणून सोडलं काम. सोडलं म्हणजे पगार सोडला, खुर्ची नाही सोडली. बीपी दाखवाले येते अन् दवाखाना बंद होईपर्यंत बसते. विचारलं तं काय म्हणते? "मले फक्त रिपोर्ट दाखवाचा हाय." बीपीचा कोणता रिपोर्ट राहते वं बाई!

आता तुम्हाले चपलांचं सांगतो. दवाखाना उघडते दहाले. सातपासून बाहेर ओट्यावर चपला! माणूस नाही, फक्त चप्पल. चप्पल नंबरात, माणूस घरी पोहे खाऊन राहिला. अन् पायातली नाही हं, त्यासाठी वेगळी चप्पल राहते, फाटकी, कोणी चोरणार नाही अशी. ती घरी खिळ्याले टांगून ठेवते, 'नंबराची चप्पल' म्हणून. ज्याच्याकडे जास्तीची चप्पल नाही तो विटेचा तुकडा ठेवते अन् वरून खडूनं नाव लिहिते.

मी म्हटलं, हे बंद! लोकाईच्या मोबाईलवर नंबराची सोय करून दिली. घरून लावा, स्क्रीनवर नाव येईन, आवाज येईन, मंग या. तो पहिलावाला म्हातारा, दोन पेनवाला, रुपराव त्याचं नाव, शेतीचं सगळं पोराईच्या हवाली करून हे नागपुरात लोकाईचे नंबर खाऊन राहिले... तं रुपरावकाकाले मी अर्धा तास शिकवलं. त्यानं लावला नंबर. दुसऱ्या दिवशी पाहतो तं ओट्यावर त्याची चप्पल!

म्हटलं, "काका, मोबाईलवर लावला ना नंबर?"

"लावला ना."

"मंग चप्पल काहून?"

"मोबाईल बंद पडला तं?"

"नाही पडत काका."

"चप्पल कधी बंद पडली का बे?"

दोन वर्षं इंजिनीअरिंग केलं, कोणत्याच पेपरात हा प्रश्न नव्हता.

म्हणजे रोज दोन लायनी. मोबाईलवाल्यात पहिली कोणी बाई, चपलेत पहिला रुपराव, अन् दोघंही एकाच वेळी दाराशी! रोज भांडण. मी खुर्चीवर उभा राहून ओरडतो, "स्क्रीन पाहा! स्क्रीन पाहा!" कोणी स्क्रीन पाहत नाही. त्या मशीनमधली बाई मात्र सगळ्याईले आवडते. "टोकन क्रमांक चार. कृपया आत या." की आजीबाई उठते, "हौ वं माय, आली, आली." मंग शेजारणीले सांगते, "किती नम्र पोरगी हाय, पाहा. नाही तं हा पोट्टा, सदा खेकसते." मशीन आहे वं ती! तिले वेटिंगमध्ये बसवा एक दिवस, तिच्या तोंडून बी शिव्या निघतीन.

तं असे सव्वीस दिवस गेले. अन् आला तो शनिवार.

रात्रभर विचार करून मी एक अक्कल लढवली होती. हसू नका. मी म्हटलं, भांडणाचं मूळ काय? 'फक्त रिपोर्ट'! तं त्याईची लाईनच वेगळी करू. सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे. एक लाईन 'तपासणी', दुसरी लाईन 'फक्त रिपोर्ट'. एक यातला, एक त्यातला, आळीपाळीनं. रिपोर्टवाला एका मिनिटात बाहेर, तपासणीवाल्याले बी त्रास नाही. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं. स्वतःचाच फोटो काढला त्याच्यासोबत.

दहा वाजले. बावन्न माणसं. 'फक्त रिपोर्ट'मध्ये किती? एकोणपन्नास!

म्हटलं, "काकू, रिपोर्ट कुठं आहे?"

"काढाचा हाय अजून."

"तुमचा हो?"

"हा काय." तारीख पाहतो तं सहा वर्षांपूर्वीची.

"अन् हा तं तुमच्या सुनेचा आहे!"

"मंग? घर एकच हाय ना!"

तपासणीच्या लाईनीत उरले तीन. एक सरिताताई, पोराचा कान दुखत होता. एक रजत म्हणून पोट्टा, गाडीवरून पडलेला, कोपरातून रक्त. अन् एक माणूस, त्याले दातवाल्या डॉक्टरचा पत्ता विचाराचा होता, तो घाबरून लाईनीत लागला होता. आळीपाळी म्हटल्यावर काय झालं? तिघंही झपाझपा आत! पत्तावाला बी आत जाऊन तपासून आला. हे रुपरावनं पाहिलं. आपण चौदावे, अन् हा दातवाला गेला बी!

"बाबू, मले रिपोर्ट नाही दाखवाचा. मले तपासाचं हाय."

"काका, तुमच्या हातात रिपोर्ट आहे."

"कुठं?" म्हणत त्यानं तो सदऱ्यात घातला! गळ्यापाशी कोपरा दिसून राहिला, चालला की कागद कडकड वाजते, अन् हा म्हणते, "कोणता रिपोर्ट?"

झालं! उरलेले सगळेच्या सगळे तपासणीत. मी बसलो एकेक नाव इकडून तिकडं टाकत. टाकून होत नाही तं रिपोर्टची लाईन रिकामी! मागच्या काकूनं पाहिलं, "त्या लाईनीत कोणीच नाही, मले फक्त रिपोर्ट दाखवाचा हाय!" की निघाले सगळे वापस. खो-खो! साडेअकरापर्यंत मी माणसं इकडून तिकडं टाकून राहिलो, अन् त्या नम्र पोरगीलेही काही समजेना. "टोकन क्रमांक एक. टोकन क्रमांक एक. टोकन क्रमांक एक्केचाळीस. कृपया... कृपया... टोकन क्रमांक एक."

रुपराव उठला. दोन्ही पेन खिशात नीट बसवले. तो पेन बसवते म्हणजे आता ओरडते, हे सव्वीस दिवसांत मी शिकलो होतो. त्याच्या मागं दहा-बारा उठले. आत मॅडम, मधात पातळ दार. एक आवाज, फक्त एक, अन् मी सोमवारी तोट्या मोजत बसतो! त्यानं छातीत हवा भरली, रिपोर्ट कडकडला, तोंड उघडलं...

अन् बाहेरचं दार उघडून आत कोण यावं? पप्पा!

काखेत तपकिरी फाईल. ओळखीच्या दोघातिघाईले जय भीम घातला, एकाले म्हणे, "काय गा, ठीक हाय ना?" अन् मंग सरळ काउंटरवर. एवढ्या लोकाईसमोर. म्हणते,

"प्रशिक, मले फक्त रिपोर्ट दाखवाचा हाय. साखरेचा. एक मिनिट."

रुपरावच्या छातीतली हवा तशीच. सगळे मले पाहून राहिले. म्हणजे बापाले सोडते का आता, पाहू. मी हिशेब केला. बापाले आत सोडलं तं पन्नास तोंडं उघडतीन, भांडण, नोकरी गेली, सावनेर. नाही सोडलं तं बापाची इज्जत गेली, घरी जाऊन मले बाहेर काढीन, सावनेर. दोन्ही रस्ते सावनेरलेच जाऊन राहिले!

मंग मले रागच आला. म्हटलं जायचंच आहे तं नियमानं जाऊ. म्हटलं, "पप्पा, नंबर लावा. तुमचा त्रेपन्नावा."

पप्पाईनं चष्मा काढला. पुसला. लावला. अन् मागच्या बाकावर जाऊन बसले, फाईल मांडीवर ठेवून.

अन् तुम्हाले काय वाटते, टाळ्या पडल्या असतीन? न्यायाची बाजू घेतली म्हणून? बाप्पा! सगळे माझ्यावर तुटून पडले!

"बापाले नंबर सांगते बे!" रुपराव. अन् देवकीबाई कोपऱ्यातून, "हळू! आत तपासणी चालू हाय." देवकीबाई बोलल्या की बावीस वर्षांची सवय, सगळ्याईचा आवाज बसते. म्हणून मले शिव्या पडल्या, पण कुजबुजत! पन्नास म्हातारे माझ्या कानात फुसफुस करून राहिले, जसे साप. "आम्ही बापापुढं मान वर नव्हतो करत." "अर्धवट शिक्षण सोडलं की असंच होते." "मी माझ्या बापाले खांद्यावर नेलं होतं दवाखान्यात." एक आजी तं काउंटरवर वाकून अगदी गोड आवाजात म्हणे, "तुले किडे पडतीन."

महिनाभर जे दोन माणसं एका गोष्टीवर एक नाही झाले, ते पन्नास एक झाले. रुपराव पप्पाईजवळ गेला, हात धरला, "आनंदराव, पहिले तुम्ही. कोणाची हरकत हाय का?" कोणाचीच नाही! मोबाईलवाल्याईची नाही, चपलवाल्याईची नाही. पप्पा म्हणे, "नाही नाही, नंबरानंच..." "उठा हो!" अन् रुपरावनं, ज्यानं आयुष्यात कोणाले स्वतःच्या पुढं जाऊ दिलं नाही त्यानं, स्वतःच्या हातानं दार उघडून पप्पाईले आत ढकललं. मी बटण दाबलं. सेकंद सुरू.

पाच मिनिटं... ठीक. दहा... ठीक. वीस झाले तं लोकं घड्याळ पाहाले लागले. तीस झाले तं रुपराव येरझारा घालून राहिला, कडकड, कडकड. पण बोलते कोण? त्याईनंच तं पाठवलं होतं! शेवटी हळूच माझ्याजवळ आला.

"बाबू... त्याले फक्त रिपोर्टच दाखवाचा होता ना?"

म्हटलं, "हौ काका. एक मिनिट."

तुम्हाले सांगतो, इंजिनीअरिंगची डिग्री मिळाली असती तरी एवढं समाधान नसतं मिळालं.

त्रेचाळीस मिनिटं! तेवढ्या वेळात देवकीबाईंनं शालीखालून काय काढलं असंल? बिस्किटाचा डबा! रोज घेऊन येत होत्या. गुडघ्यावर हात टेकत उठल्या, एकेकाचं तोंड पाहून बिल्ला देत गेल्या. "तू चौथी. तू विसावा, तुले काही झालं नाही. रुपराव, सदऱ्यातलं काढा अन् नववे बसा." अन् रुपराव बसला! मी गुपचूप तोच क्रम सॉफ्टवेअरमध्ये टाकला. काय करू? सावनेर डोळ्यासमोर होतं.

सव्वातीनले शेवटचा पेशंट गेला. मॅडम बाहेर आल्या. "प्रशिक! आज एक आवाज नाही! म्हटलं होतं ना, सॉफ्टवेअर जमलं की सगळं जमतं. तू कायम." देवकीबाईंनं डब्याचं झाकण लावलं अन् पंख्याकडे पाहाले लागल्या.

मी घरी गेलो उड्या मारत. पप्पा जेवून राहिले होते. म्हटलं, "कायम झालो! अन् तुम्ही त्रेचाळीस मिनिटं काय केलं आत?"

"रिपोर्ट दाखवला."

"तो किती वेळ?"

"एक मिनिट. साखर ठीक हाय." खरंच! अख्ख्या नागपुरात एकच माणूस निघाला ज्याचा रिपोर्ट एका मिनिटात झाला, अन् तो माझा बाप!

"अन् बाकीचे बेचाळीस?"

"तुह्याबद्दल बोललो. म्हटलं, मॅडम, पोट्टा हुशार हाय, पण त्याले माणसाईशी बोलता येत नाही. बापाशीच पाहा ना कसा बोलला. त्याले काढू नका. मी घरी रिकामाच हाय, खाणीत तीनशे माणसाईची लाईन लावत होतो. सकाळी मी येत जातो." वरणात पोळी बुडवली. "मॅडम म्हणे, या ना!"

ते जे बाहेर ऐकू येऊन राहिलं ना, फुर्रर्र... ते ट्रॅफिक पोलीस नाही. ते पप्पा आहेत. सातपासून ओट्यावर उभे. चपला त्याईनं बंद नाही केल्या अन् सॉफ्टवेअर बी बंद नाही केलं. ते काय करते, पाहा. ओट्यावरची चप्पल पाहते अन् सॉफ्टवेअरमध्ये जिथं पेशंटचं नाव टाकाचं, तिथं चप्पल टाकते! मशीनमधली पोरगी मंग तितक्याच नम्रपणे बोलते, "टोकन क्रमांक दोन. काळी सँडल, अंगठा तुटलेला. कृपया आत या." अन् लोकं जाते! बारा दिवस झाले, एक भांडण नाही. हेच मले सहन होऊन नाही राहिलं. भांडण झालं असतं तं मी बोललो असतो.

परवा मॅडमनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, बीपी मोजला. दीडशेच्या वर! वय किती? एकवीस. म्हणाल्या, उद्या रक्त तपास, परवा सुट्टी घे आणि रिपोर्ट दाखव. घेऊन आलो आज. सरळ काउंटरवर गेलो, माझ्या खुर्चीत पप्पा, चपलांची नावं टाकाले आत आलेले.

"नंबर?"

म्हटलं, "पप्पा, मी इथं काम करतो."

"आज सुट्टी हाय ना तुले? मंग तू पेशंट. जा, चप्पल ठेव ओट्यावर." अन् शिट्टी वाजवली. एक. छोटी. मायेची.

माझ्याकडे नंबराची वेगळी चप्पल नाही हो. पायातलीच ठेवली. म्हणून असा अनवाणी बसून राहिलो तुमच्यासमोर... ऐकलं का? "टोकन क्रमांक सहा. लाल स्लीपर." तुमची ना ती? माझी सातवी. निळी.

भाऊ... एक ऐकता का? उठूनच राहिले तं एक मिनिट बसा ना. मले आधी जाऊ द्या.

मले फक्त रिपोर्ट दाखवाचा हाय.